अलाहिदा डाव

खो-खोच्या सामन्यात दोन्ही संघांचे गुण समान झाले, की मराठी वर्तमानपत्रांच्या क्रीडापानावर एक ठरलेले वाक्य येते: सामना अलाहिदा डावात गेला. 'अलाहिदा' हा शब्द आज मराठीत आणखी कुठे जिवंत आहे, असा प्रश्न आम्ही काही दिवस एकमेकांना विचारत होतो. ऐतिहासिक पत्रव्यवहारात तो पदोपदी भेटतो. निजामाच्या राजवटीत आमच्या वसमत भागाचा कारभार उर्दूतून चालत असल्याने जुन्या माणसांच्या बोलण्यातही तो अधूनमधून डोकावत असे. आता मात्र त्याचा मुक्काम खो-खोच्या मैदानावर आहे. गंमत अशी की त्याच पानावर, त्याच खेळाच्या वृत्तांतात, 'लघुत्तम आक्रमण' हा अस्सल संस्कृत वळणाचा शब्दही नांदत असतो. एक शब्द दफ्तरातून आलेला, दुसरा पाठशाळेतून. आणि दोघांनाही गुण समान झाल्यावरच बोलावणे येते. पंच आणि वार्ताहर हे शब्द वर्षानुवर्षे वापरत आले आहेत आणि त्यांत काही विशेष आहे असे त्यांना वाटत नाही. आम्हाला वाटते, म्हणून हा लेख.

निमित्त अर्थातच जानेवारी २०२५ चे. १३ ते १९ जानेवारी या आठवड्यात नवी दिल्लीच्या इंदिरा गांधी बंदिस्त क्रीडागारात खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. २३ देश, पुरुषांचे २० संघ, महिलांचे १९. दोन्ही गटांत भारत अजिंक्य ठरला आणि दोन्ही अंतिम सामन्यांत समोर नेपाळ होता. महिलांनी ७८-४० असा विजय मिळवला, पुरुषांनी ५४-३६ असा. पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर आणि महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे, दोघेही महाराष्ट्राचे. प्रियांकाचे मूळ गाव तर बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातले, म्हणजे आमच्या मराठवाड्यातलेच. खेळ मात्र घडला पुण्याकडे. (मराठवाड्याच्या गुणवत्तेचा हा नेहमीचा प्रवासमार्ग आहे. साहित्यिकांच्या बाबतीतही तो वेगळा नाही.)

त्या आठवड्यात मराठीत पुष्कळ लिहिले गेले. अभिनंदनाचे अग्रलेख आले, 'मातीतून मॅटवर' हे वाक्य इतक्या वेळा आले की त्याची सुभाषितात गणना व्हावी. पण या मजकुराच्या ढिगातून खेळ बाजूला काढून ठेवला, तरी त्यातले फारसे काही बदलले नसते. तिथे कबड्डी घातली असती तरी चालले असते, तिरंदाजी घातली असती तरी चालले असते. खो-खो हा खेळ म्हणून काय आहे, तो काय सांगतो, या स्पर्धेत त्याचे काय झाले, याविषयी जवळजवळ मौन होते. आमची तक्रार वार्ताहरांविषयी नाही. त्यांनी आपले काम ठराविक वेळेत केले. तक्रार आहे ती साहित्याचे वाचन शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांविषयी. चित्रपट, जाहिरात, राजकीय भाषण, विवाहाची निमंत्रणपत्रिका अशा सगळ्या गोष्टी 'संहिता' म्हणून वाचायला आपण गेल्या तीन-चार दशकांत शिकलो. मैदान मात्र शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांकडे सोपवून मोकळे झालो.

हे मराठीला शोभत नाही, कारण आपल्या परंपरेने असे केले नव्हते. संतांच्या अभंगांत हमामा, हुतुतू, विटीदांडू, चेंडूफळी हे खेळ स्वतःच्या नावाने येतात; तुकारामांच्या गाथेत तर अशा अभंगांचे वेगळे गट करावे लागतात. खेळातले श्वास, फेरे, गडी, डाव यांचा अर्थ लावत लावत तो अभंग परमार्थाकडे वळतो, पण त्यासाठी आधी खेळ नीट माहीत असावा लागतो. हुतुतूचा दम कुठे तुटतो हे ज्याला ठाऊक नाही, त्याला त्या अभंगाचे मर्म कळणार नाही. नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरा ज्या नर्सीकडे बोट दाखवते, ती नर्सी आमच्याच हिंगोली जिल्ह्यात आहे. वाळवंटात कीर्तनाच्या रंगी नाचणाऱ्यांच्या या प्रदेशात शरीराच्या हालचालीला अर्थ असतो हे वेगळे शिकवावे लागू नये. तरीही आधुनिक मराठी कादंबरीत खेळाडू हा नायक म्हणून क्वचितच भेटतो आणि नायिका म्हणून त्याहून क्वचित. वि. वि. करमरकरांनी मराठी दैनिकाला क्रीडापान दिले, बाळ ज. पंडितांनी क्रिकेटचे समालोचन मराठी कानांना गोड करून दाखवले. या दोघांच्या गद्याचा अभ्यास मराठीच्या किती विभागांत होतो, याचे उत्तर वाचकांनी आपल्या विभागापुरते द्यावे.

तर आधी खेळ वाचू. मध्यपाटीवर आठ गडी बसलेले असतात, एक आड एक विरुद्ध दिशांना तोंड करून. नववा पाठलाग करतो. त्याने एकदा दिशा घेतली की खांब येईपर्यंत त्याला मागे फिरता येत नाही आणि मध्यपाटी ओलांडता येत नाही. पळणाऱ्यांवर असे कोणतेही बंधन नाही; ते बसलेल्यांच्या मधून, मागून, पुढून कसेही जाऊ शकतात. म्हणजे नियमांचा सगळा भार पाठलाग करणाऱ्यावर आणि स्वातंत्र्य सगळे पळणाऱ्याला. जगातल्या बहुतेक सत्तांचा अनुभव याच्या उलट असतो. पाठलाग करणाऱ्याला आपल्या बंधनातून सुटायचा एकच मार्ग आहे: बसलेल्या गड्याच्या पाठीला हात लावून 'खो' म्हणणे आणि आपण त्याच्या जागी बसणे. बसलेल्याला आपण होऊन उठता येत नाही. पळणारा त्याच्या नाकासमोरून गेला, त्याचा हात शिवशिवला, तरी तो उठू शकत नाही. त्याची पाळी त्याच्या पाठीमागून, दुसऱ्याच्या हातून येते.

आता या 'खो'कडे पाहा. स्पर्श झाला पण शब्द उच्चारला नाही, तर तो नियमभंग. शब्द उच्चारला पण स्पर्श झाला नाही, तरी नियमभंग. जे. एल. ऑस्टिनच्या व्याख्यानांचे पुस्तक १९६२ साली प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून आपण वर्गात सांगत आलो की काही शब्द वस्तुस्थितीचे वर्णन करत नाहीत, ते उच्चारणे हीच एक कृती असते. उदाहरण म्हणून आपण लग्नातली शपथ आणि जहाजाचे नामकरण देतो. वसमतच्या विद्यार्थ्याने जहाज कुठे पाहिलेले असते? त्याने 'खो' हजार वेळा दिलेला असतो. एका अक्षराचा हा शब्द मैदानावर काहीही सांगत नाही. तो सत्तांतर घडवतो. अटी पूर्ण झाल्या नाहीत तर ते सत्तांतर रद्द होते आणि पंच शिट्टी वाजवतो. ऑस्टिनच्या सिद्धान्ताला यापेक्षा नेटके उदाहरण आम्हाला सुचत नाही.

भाषेने या शब्दाचे पुढे जे केले, तेही पाहण्यासारखे आहे. व्यवहारात आपण 'खो घालणे' म्हणतो तेव्हा कुणाच्या चाललेल्या कामात विघ्न आणणे असा अर्थ होतो. 'कामाला खो बसला' म्हणजे काम अडले. मैदानावर 'खो' म्हणजे पाळी पुढे देणे, गती मिळवणे. मैदानाबाहेर 'खो' म्हणजे गती थांबवणे. ही उलटापालट कशी झाली असेल? आमचा तर्क असा, की भाषेने हा शब्द पळणाऱ्याच्या बाजूने ऐकला. पळणाऱ्याचे सगळे सुरळीत चालले आहे, पाठलाग करणारा चुकला आहे, आणि अचानक भलत्याच ठिकाणाहून 'खो' ऐकू येतो. कालपर्यंत बसलेला माणूस समोर उभा राहतो. सर्वसामान्य मराठी माणसाने स्वतःला नेहमीच पळणाऱ्याच्या जागी पाहिले, हे त्याच्या इतिहासाशी विसंगत नाही. (तर्कच तो. कोशकारांनी खोडून काढला तर आम्हाला आनंदच होईल, निदान चर्चा तरी होईल.)

या खेळाच्या अधिकृत कथनात मात्र महाभारत येते. चक्रव्यूहाची गोष्ट दर उद्घाटनाच्या भाषणात सांगितली जाते. राष्ट्रीय स्पर्धांतल्या सर्वोत्तम पुरुष खेळाडूला दिला जाणारा पुरस्कार 'एकलव्य' या नावाचा आहे आणि कुमारांचा 'वीर अभिमन्यू' नावाचा. जो एकट्याने शिकला आणि अंगठा गमावून बसला, आणि जो एकट्याने आत शिरला व बाहेर पडू शकला नाही, अशा दोन एकाकी पुरुषांची नावे या पूर्णपणे सामुदायिक खेळाच्या गळ्यात का घातली गेली असतील, हे कोडे आम्हाला सुटलेले नाही. कागदोपत्री इतिहास याहून साधा आणि आमच्या मते अधिक रोचक आहे. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळाचे नियम आखण्याचे काम हाती घेतले. गल्लीबोळात, गावोगाव वेगवेगळ्या रीतीने खेळला जाणारा खेळ शहरी मध्यमवर्गाने लेखणीत धरला, त्याला मापे दिली, वेळ दिली. प्रमाणभाषा घडते तसाच प्रमाणखेळ घडला. त्यात काय मिळाले आणि काय सुटले, हा बोलीभाषांच्या अभ्यासकांना ओळखीचा वाटेल असा प्रश्न आहे.

विश्वचषकात जो खो-खो दिसला, तो या प्रमाणीकरणाचा पुढचा टप्पा होता. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात 'अल्टिमेट खो-खो' ही व्यावसायिक लीग सुरू झाली, आणि तिथला वेगवान साचा थोड्याफार फरकाने दिल्लीला आला. नऊ गड्यांचे सात झाले. सात-सात मिनिटांच्या चार पाळ्या झाल्या. माती जाऊन मॅट आली. लीगने 'वजीर' नावाचा गडी आणला, ज्याला कोणत्याही दिशेने धावता येते. म्हणजे ज्या बंधनावर खेळाचा सगळा डौल उभा होता, त्यातून एकाला मोकळीक मिळाली. आणि 'ड्रीम रन' आले. पळणाऱ्यांची एखादी तुकडी ठरावीक वेळेच्या पुढे टिकली, तर तिला गुण मिळू लागले.

या शेवटच्या बदलाचे महत्त्व जितके ओळखले जायला हवे होते, तितके ओळखले गेले नाही असे आमचे मत आहे. पारंपरिक खो-खोत गुण मिळतो तो बाद करण्याचा. पळणारी मुलगी दोन मिनिटे पळो की पाच, तिच्या नावावर गुण चढत नाही. तिने फक्त समोरच्याचे गुण रोखलेले असतात. पण मराठी क्रीडापानाने तिची नोंद कधी सोडली नाही. कोणत्याही जिल्हा अजिंक्यपद स्पर्धेचे वृत्त काढून पाहा. खेळाडूच्या नावापुढे कंसात आधी संरक्षणाची मिनिटे-सेकंद आणि मग टिपलेले गडी अशी नोंद असते. गुणफलकावर जागा नसलेल्या वेळेला कंसात जागा देणारी ही पद्धत आम्हाला फार सुसंस्कृत वाटते. टिकून राहणे हे कर्तृत्व आहे, हे नियमांच्या आधी वार्ताहरांनी मान्य केले होते.

दिल्लीत ते गुणफलकावर आले. महिलांचा अंतिम सामना या दृष्टीने वाचावा. पहिल्या पाळीत भारताचे आक्रमण: ३४-०. दुसऱ्या पाळीत नेपाळने २४ गुण मिळवले, पण भारताच्या पळणाऱ्यांनी एक गुण टिकून कमावला: ३५-२४. तिसऱ्या पाळीअखेर ७३-२४. शेवटच्या पाळीत चैत्रा बी. आणि तिच्या सहकाऱ्यांनी पाच मिनिटांहून अधिक काळ नेपाळला हाती लागू दिले नाही आणि आणखी पाच गुण आले: ७८-४०. म्हणजे ७८ पैकी ७२ गुण पाठलागाचे, ६ गुण न सापडण्याचे. त्याच संध्याकाळी पुरुषांच्या अंतिम सामन्यात पाळीगणिक गुण होते २६-०, २६-१८, ५४-१८, ५४-३६. इथे भारताचे सगळेच्या सगळे ५४ गुण आक्रमणाचे आहेत. आकड्यांवरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत हे आम्हाला कळते. पण जिथे सामना आधीच खिशात आला होता, तिथेही मुलींनी पाच मिनिटे पळत राहण्याचे कारण काय असावे, असे मनात येतेच. कदाचित पळणे हाच त्यांचा खेळ होता.

शुद्धतावादी मंडळी 'वजीर' आणि 'ड्रीम रन' या शब्दांवर नाराज आहेत. पहिल्या शब्दाबाबत आम्हाला त्यांची नाराजी कळत नाही. जो खेळ 'अलाहिदा' आनंदाने पचवतो, त्याला 'वजीर' का जड व्हावा? बुद्धिबळाच्या पटावर तो आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेच. 'ड्रीम रन'ची गोष्ट वेगळी. तिथे आक्षेप इंग्रजीला नाही, चित्रपटी भाषेला आहे. पळणारी मुलगी त्या पाच मिनिटांत स्वप्न वगैरे पाहत नसते. ती प्रत्येक सेकंदाला हिशेब करत असते. आपल्याकडे या पळण्याला 'एकेरी साखळी', 'दुहेरी साखळी' असे नेमके शब्द आहेत. बसलेल्या गड्यांमधून एकेकाला वळसा घालत जाणे, दोघा-दोघांना वळसा घालत जाणे, हे त्या शब्दांतून डोळ्यांसमोर उभे राहते. हिंदी-इंग्रजी समालोचनात ते आले नाहीत हे समजण्यासारखे आहे. मराठी वृत्तांतांतूनही त्यांनी काढता पाय घेतला, हे मात्र समजण्यासारखे नाही. विश्वचषक जिंकल्याच्या आठवड्यातच आपण आपल्या खेळाची आपली परिभाषा खाली ठेवली.

आणि तरीही आम्ही नव्या साच्याच्या विरोधात नाही. जुन्या खो-खोवर प्रेम करणारे पुष्कळ, पण तो पाहायला येणारे कमी होत चालले होते. खेळ टिकायचा तर तो दिसला पाहिजे. आमचा प्रश्न मॅटचा आहे, आणि तो सौंदर्याचा नसून पैशांचा आहे. खो-खो गावागावांत पसरला याचे कारण त्याला काही लागत नाही. दोन खांब, थोडी फक्की, एक शिट्टी. बॅट नको, जाळी नको, चेंडूही नको. वसमतच्या आसपासच्या शाळांत आजही मैदान आखले जाते ते फक्कीने आणि डोळ्यांच्या अंदाजाने. हळदीच्या हंगामात निम्म्या मुली घरच्या कामाला जातात, हे गृहीत धरून संघ निवडावा लागतो. (वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती शिजवताना, वाळवताना किती शाळकरी हात लागतात हे त्या मानांकनात लिहिलेले नसते.) मातीवर शिकलेली मुलगी पुढच्या पातळीवर पहिल्यांदाच मॅटवर उतरते तेव्हा तिला पायाची पकड पुन्हा शिकावी लागते, खांबावर झेपावण्याचे अंतर पुन्हा मोजावे लागते. शहरातल्या मुलीला ते आधीच येत असते. ज्या खेळाने साधनांची विषमता दारातच थांबवली होती, त्यात ती मॅटच्या गुंडाळीतून आत आली आहे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. शाळेच्या संघात पळणाऱ्या मुली आठवी-नववीत दिसतात, दहावीनंतर दिसेनाशा होतात. काहींची लग्ने होतात, काहींचे कुटुंब ऊसतोडीला जाते, काहींना 'आता पुरे' असे सांगितले जाते. प्रियांका इंगळेच्या जिल्ह्याची ओळख महाराष्ट्राला ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून आहे, आणि आमचा हिंगोली जिल्हाही त्या वाटेपासून दूर नाही. अशा प्रदेशातली मुलगी हातात चषक घेऊन उभी राहते तेव्हा आपण 'जिद्द' हा शब्द वापरून विषय संपवतो. जिद्द असतेच. पण ज्या मुली मैदानावरून उठून गेल्या त्यांच्यात ती नव्हती, असे या शब्दाने आपोआप सुचवले जाते. त्यांना कुणी खो दिला नाही, एवढेच खरे.

आता थोडे हरलेल्यांविषयी. १४ जानेवारीला भारतीय महिलांनी आपल्या पहिल्या सामन्यात दक्षिण कोरियाला १७५-१८ असे हरवले. पुढे इराणवर १००-१६, मलेशियावर १००-२०, उपान्त्यपूर्व फेरीत बांगलादेशावर १०९-१६. मराठी मथळ्यांत 'धुव्वा', 'धूळ चारली', 'दणदणीत' हे शब्द झळकले. आम्हाला त्या १८ गुणांविषयी कुतूहल आहे. ज्या देशात या खेळाचे नावही फारसे कुणी ऐकलेले नाही, तिथल्या मुली नियम शिकल्या, 'खो' म्हणायला शिकल्या, विमानात बसून आल्या आणि त्या खेळाच्या माहेरघरी जाऊन त्यांनी १८ गुण मिळवले. ते कसे मिळवले, हे एकाही मराठी वृत्तांतात आम्हाला वाचायला मिळाले नाही. साहित्याच्या माणसाला खरी कथा तिथे दिसायला हवी होती.

हे आम्ही परक्यांविषयीच्या भूतदयेपोटी म्हणत नाही. आपल्याच देशाचा एक संघ नेमक्या त्याच जागी उभा राहिलेला आहे. भारत आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा सदस्य झाला १९८९ साली. पुरुषांचा संघ पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळला २००९ मध्ये, अबू धाबीला. सदस्यत्व आणि सामना यांत वीस वर्षांचे अंतर. महिलांचा संघ २०१६ मध्ये तैपेईला पहिल्यांदा उतरला आणि त्यांना एकही विजय मिळाला नाही. पहिला विजय २०१७ मध्ये बँकॉकला, फिलिपिन्सवर ४-३. आणि जून २०२५ मध्ये, म्हणजे आमच्या खो-खोच्या चषकानंतर पाचच महिन्यांनी, संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनला झालेल्या महिलांच्या आशिया चषकात याच संघाने कांस्यपदक मिळवले. त्यांचे पहिले पदक. संघातल्या जवळजवळ सगळ्या मुली लडाखच्या. तिथे तळी गोठतात तेव्हा जेमतेम दोन महिने नैसर्गिक बर्फ मिळतो, त्यावर खेळ शिकायचा आणि पदक घ्यायला वाळवंटातल्या कृत्रिम बर्फावर जायचे.

वसमतमध्ये बर्फ म्हणजे भुशात ठेवलेली लादी आणि तिच्यावर किसलेला गोळा. एप्रिल-मेच्या उन्हात आइस हॉकी हे शब्द उच्चारतानाही हसू येते. तरी या दोन संघांची गोष्ट आम्हाला एकच वाटते. दोन्ही खेळ आपापल्या भूमीने दिलेले आहेत: एक गोठलेल्या पाण्याने, एक कोरड्या मातीने. दोन्हींना मोठे होण्यासाठी ती भूमी सोडून कृत्रिम पृष्ठभागावर जावे लागले. फरक एवढाच, की एका खेळात आपण यजमान, नियमकर्ते आणि विजेते आहोत, दुसऱ्यात उशिरा आलेले पाहुणे. ज्याला दुसऱ्या जागेचा अनुभव आहे, त्याने पहिल्या जागेवर बसून 'धुव्वा' हा शब्द जरा जपून वापरावा. लडाखच्या मुलींच्या २०१६ मधल्या पराभवांना परदेशी वृत्तपत्रांनी कोणते क्रियापद वापरले असेल, याची कल्पना करून पाहावी.

पैशांविषयी थोडक्यात. राष्ट्रीय खो-खो संघांचे प्रायोजकत्व विश्वचषकाच्या वेळी ओडिशा सरकारने घेतले. आधी हॉकी घेतली, मग खो-खो. महाराष्ट्राने आपल्या विजेत्यांना प्रत्येकी सव्वादोन कोटींचे बक्षीस जाहीर केले, तर कर्नाटकच्या दोघा खेळाडूंनी, गौतम एम. के. आणि चैत्रा बी. यांनी, आपल्या राज्याचे पाच लाख नाकारले. नाकारण्याची ही कृती आम्हाला त्या चषकाइतकीच बोलकी वाटते, कारण आपली किंमत ठरवण्याचा अधिकार खेळाडूंनी तिथे स्वतःकडे घेतला. जिंकल्यानंतर दिलेले कोट्यवधी रुपये वाईट नाहीत. पण ते जिंकलेल्यांना मिळतात. शाळेच्या मैदानावरची मॅट, मुलींच्या प्रवासाचा खर्च, खेळ शिकवणाऱ्याचा पगार हे जिंकण्याच्या आधीचे खर्च आहेत, आणि त्यांच्यासाठी समारंभ भरत नाही.

राहता राहिला आमचा स्वतःचा प्रांत. पदव्युत्तर वर्गांत लघुप्रबंधासाठी विषय मिळत नाहीत, अशी ओरड दरवर्षी होते आणि दरवर्षी त्याच आठ-दहा कादंबऱ्यांवर पुन्हा लिहिले जाते. हिंगोली, परभणी, नांदेड या तीन जिल्ह्यांत जुने पंच आहेत, शाळांतले निवृत्त क्रीडाशिक्षक आहेत, ज्यांनी मातीवरचा नऊ गड्यांचा खो-खो शिकवला. पळण्याच्या, बसण्याच्या, उठण्याच्या, हूल देण्याच्या प्रत्येक तऱ्हेला त्यांच्याकडे शब्द आहेत आणि त्यांतले बरेच छापील नियमपुस्तिकेत नाहीत; गावागणिक ते बदलतात. ते ध्वनिमुद्रित करायला एक भ्रमणध्वनी आणि काही दुपारी पुरतील. जुन्या जिल्हा दैनिकांच्या क्रीडापानांतून कंसातल्या नोंदी जमा केल्या, तर चाळीस-पन्नास वर्षांत कोणत्या गावची कोणती मुलगी किती मिनिटे किती सेकंद टिकली, याचा एक पटच तयार होईल. त्यातल्या बहुतेक जणी आज पन्नाशीच्या पुढे असतील. त्यांना शोधून काढून त्या मिनिटांविषयी विचारता येईल. आणि त्यानंतर मैदान कधी सुटले, हेही.